पगाराची आगोट

आमच्याकडे औषधाला येणाऱ्या एका काकींची साखर तारखेप्रमाणे चढते आणि उतरते, हे कळायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली.

काकी पन्नाशीच्या. गणपतीपुळ्याच्या बाजूला एका लॉजवर खोल्या झाडणे, चादरी धुणे हे त्यांचे काम. मधुमेह सहा वर्षांचा. दर महिन्याला आठ-दहा तारखेच्या सुमारास यायच्या, उपाशीपोटीची साखर बघायची, ती बरी निघायची, मी "छान" म्हणायचो. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली की आकडा हमखास वर. मी माझ्या परीने अर्थ लावला. आमच्या भागात असा फरक दिसला की डॉक्टरचे बोट आधी आंब्याकडे जाते. आंबा संपला की गणपतीतल्या मोदकांकडे. काकी मान हलवायच्या आणि जायच्या.

यंदा त्या एकदा सव्वीस तारखेला आल्या. पायाला चप्पल लागून जखम झाली होती आणि चिघळली होती. साखर तीनशेच्या वर. मी नेहमीचे प्रवचन सुरू केले, तेव्हा त्यांनी पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून टेबलावर ठेवले. त्यात अर्ध्या केलेल्या गोळ्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पगार होईपर्यंत पुरवायच्या असतात ना. वीस तारखेनंतर मी अर्धीच घेते. कधी एक दिवस आड." पगार कधी होतो, असे विचारले. "तसा नेम नाय. कधी पाचला, कधी पंधराला. शेठच्या हातात पैसे आले की."

म्हणजे दोन वर्षे मी ज्या आंब्याला दोष देत होतो तो निर्दोष होता. पगार झाला की काकी पूर्ण गोळी घेऊन तपासणीला येत आणि मी त्यांना शाबासकी देत असे. उरलेल्या महिन्यात काय चालले आहे ते मी विचारले नव्हते.

तेव्हापासून केसपेपरावर वजन, रक्तदाब, साखर यांच्या खाली मी आणखी एक ओळ लिहायला लागलो आहे : पगार कधी होतो? ठरलेल्या तारखेला होतो का? उचल किती आहे? काही पेशंटना हे चमत्कारिक वाटते. पण एकदा उत्तर द्यायला लागले की थांबत नाहीत.

आता आरे-वारेकडच्या एका मुलाची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय सव्वीस. खाड्यांवर पूल झाले आणि रत्नागिरीहून साखरतर, काळबादेवी, आरे, वारे असा समुद्राकाठचा रस्ता गणपतीपुळ्याला जोडला गेला, तेव्हापासून या पट्ट्यात खाणावळी, निवासाची घरे, छोटी रिसॉर्ट वाढली. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून खालचे दोन्ही किनारे आणि सुरूचे बन बघणाऱ्या पाहुण्याला ठाऊक नसते की समोर आलेला चहा ज्याने केला त्याला मागचा पगार कधी मिळाला. हा मुलगा अशाच एका ठिकाणी स्वयंपाकघरात आहे. रात्री दोन वाजता छातीत धडधड, हाताला मुंग्या, जीव घाबरा. मित्राने मोटारसायकलवर घालून आणला. कार्डिओग्राम चांगला. रक्तदाब थोडा वाढलेला. नंतर थायरॉइड बघितले, तेही चांगले. तिसऱ्या खेपेला तो एकटा आला तेव्हा म्हणाला की तीन महिन्यांचा पगार मालकाकडे आहे. मालक म्हणतो, "तुझेच पैसे आहेत, जमताहेत, लग्नाला एकदम घे." मधल्या काळात वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन आले. मालकाकडे मागायला संकोच वाटला, म्हणून याने मोबाइलवरच्या कुठल्याशा कर्ज देणाऱ्या ॲपवरून आठ हजार घेतले. आता वसुलीवाले त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर फोन करून "हा माणूस चोर आहे" असे सांगत होते. होणाऱ्या सासऱ्यालाही फोन गेला होता.

या मुलाला मी झोपेची गोळी लिहून दिली असती तर वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ती चूक ठरली नसती. पण त्याचे औषध माझ्या कपाटात नव्हते. ते त्याच्या मालकाच्या गल्ल्यात होते, आणि ते त्याच्याच घामाचे होते.

मालक खलनायक आहे असे मात्र कोणी समजू नये. तोही माझा पेशंट आहे. त्याला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, डोक्यावर बँकेचे कर्ज आहे, आणि पाऊस सुरू झाला की खोल्या रिकाम्या पडतात. पोराचे पैसे खर्च होऊन जाऊ नयेत म्हणून आपण ते सांभाळतो आहोत, असे त्याला मनापासून वाटत होते. आपल्याकडे ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. बागेतला गडी, होडीवरचा खलाशी, नेपाळहून आलेला राखणदार, सगळ्यांचे पैसे "शेठकडे जमा" असतात. नेपाळहून आलेला माणूस तर स्वतःच म्हणतो, तुमच्याकडेच राहू द्या, कारण इथे बँकेत खाते उघडायला त्याच्याजवळ कागद नसतात. हेतू चांगला असला तरी गरजेच्या दिवशी स्वतःच्याच पैशासाठी हात पसरावा लागतो. ज्याला ते जमत नाही तो सावकाराकडे जातो.

पैशाच्या काळजीने शरीरात काय होते, ते थोडक्यात. काळजी म्हणजे शरीराच्या दृष्टीने एक धोका. साप दिसल्यावर जसे हृदय जोरात चालते, रक्तदाब चढतो, यकृतातून साखर रक्तात सोडली जाते, तसेच इथे होते. फरक इतकाच की साप निघून जातो आणि दर मंगळवारचा हप्ता जात नाही. झोप मोडते. झोप मोडली की रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात. पित्त होते, डोके धरते, तंबाखूची पुडी आणि संध्याकाळची बाटली जवळची वाटायला लागते. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात खालच्या हुद्द्यावरच्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण साहेबांपेक्षा बरेच जास्त निघाले. बिडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळे हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. "टेन्शन हा श्रीमंतांचा रोग" असे अजून ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे सांगितले.

आणखी दोन अभ्यास आपल्याच देशातले आहेत आणि मला फार उद्बोधक वाटतात. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना उसाचे पैसे वर्षातून एकदा मिळतात. संशोधकांनी त्याच त्या शेतकऱ्यांना पैसे येण्यापूर्वी आणि आल्यानंतर बुद्धीची साधी कोडी घातली. २०१३ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. हात रिकामा असताना त्याच माणसाला ती कोडी नीट सुटत नव्हती. माणूस मूर्ख नव्हता, डोक्यात जागा नव्हती. दुसरा प्रयोग ओडिशातला, पानांच्या पत्रावळी शिवणाऱ्या मजुरांवरचा. काही जणांना त्यांच्याच मजुरीचा काही भाग ठरल्या दिवसाच्या थोडा आधी दिला. जास्त नाही, फक्त आधी. ते मजूर लगेच घरची देणी भागवून आले, आणि नंतरच्या दिवसांत त्यांच्या हातून पत्रावळी अधिक झाल्या व चुका कमी झाल्या. त्यातही जे सर्वांत गरीब होते त्यांच्यात हा फरक ठळक होता. आमच्याकडच्या मालकांनी हे लक्षात घ्यावे. स्वयंपाकघरातला माणूस ऑर्डर विसरतो, बोट कापून घेतो, पाहुण्यावर खेकसतो, तेव्हा "हल्लीच्या पोरांचे कामात लक्ष नाही" असे आपण म्हणतो. लक्ष हप्त्यात असते.

वेळेवर पगार ही मागणी काही नवी नाही. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची माणसे किती होती ते सांगायला नको. त्या गिरणी कामगारांसाठी १८८४ साली जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन जे निवेदन सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या लोकांच्या स्मरणात राहिल्या. त्याच कागदावर आणखी दोन मागण्या होत्या : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर चारही मागण्या आरोग्याच्याच आहेत. पुढे व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात नमूद केले की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत. १९३६ साली वेतन देण्याचा कायदा आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे सात तारखेच्या आत पगार, असा दंडक त्याने घातला. आज नवी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिनेही महिन्याच्या पगाराला पुढच्या महिन्याची सात तारीखच ठेवली आहे, आणि पगारातून होणारी एकूण कापाकापी निम्म्याच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. लोखंड्यांच्या मागणीला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली आणि काकींचा पगार अजून "कधी पाचला, कधी पंधराला".

पगार अजिबातच थांबला की काय होते, ते आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावागावांत येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. पोस्टमन रस्त्याने सरळ पुढे निघून जाई आणि म्हाताऱ्या पडवीत उभ्या राहून त्याच्या पाठीकडे बघत. आणि अगदी अलीकडची गोष्ट घ्या. करोनाच्या काळात एसटी कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने रखडले. २०२० च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, जळगावच्या एका वाहकाने आयुष्य संपवले आणि चिठ्ठीत पगाराचा उल्लेख केला. आत्महत्येला कधीच एकच कारण नसते, हे डॉक्टर म्हणून मला सांगितलेच पाहिजे. पण त्या बातमीनंतर थकलेल्या पगाराचे पैसे हलले, हेही खरे. पुढे ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मधे २४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने पगारवाढ जाहीर केली, तेव्हा वाढीच्या बरोबरीने आणखी एक आश्वासन द्यावे लागले : पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत होईल. पगाराच्या आकड्याइतकीच तारीखही माणसाला लागते. (पैशाच्या विवंचनेत कुणाच्या मनात जिवाचे बरेवाईट येत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. घरच्यांनीही तो लिहून ठेवावा.)

इतका वेळ मी दुसऱ्यांच्या मालकांबद्दल बोललो. आता माझ्याबद्दल.

आमच्या दवाखान्यात एक कंपाउंडर गेली अठरा वर्षे आहेत. काकींच्या गोळ्यांचा प्रकार झाला त्या संध्याकाळी मी सहज त्यांना विचारले, "तुमचा पगार मी कोणत्या तारखेला देतो?" ते हसले आणि गप्प बसले. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आठवण झाली की देता." मला ते लागले. कारण मी पैसे कधी बुडवले नाहीत, दिवाळीला बोनस देतो, मुलीच्या शाळेला मदत केली, आणि एवढ्यावर मी स्वतःला चांगला मालक समजत होतो. मग हळूहळू बाहेर आले. मी लग्नसराईत बाहेरगावी गेलो की पगार लांबायचा. त्यांचा पतपेढीचा हप्ता पाच तारखेचा. मार्च महिन्यात मी पगार बारा तारखेला दिला होता, तेव्हा हप्ता चुकू नये म्हणून बायकोचे मंगळसूत्र सोनाराकडे ठेवून त्यांनी पैसे आणले. ते अजून तिथेच होते. "मला सांगायचे नाही का?" असे मी रागानेच विचारले. ते म्हणाले, "तुम्हाला कसे सांगणार? तुम्ही विसरता म्हणजे मुद्दाम नाही विसरत."

ज्याने रोज माझ्या हातात इंजेक्शन भरून दिले त्याच्या घरच्या गळ्यातले मी गहाण टाकले होते, आणि मला पत्ता नव्हता. आता त्यांचा आणि झाडूवाल्या बाईंचा पगार एक तारखेला बँकेतून परस्पर जातो. माझी आठवण त्यात लागत नाही, हे उत्तम.

ही गोष्ट आरे-वारेकडच्या त्या मालकाला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, तुमचे पेशंट बारा महिने आजारी पडतात. माझा पाहुणा दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात येतो. पावसात मी पगार आणू कुठून?" प्रश्न रास्त आहे. आमच्या किनाऱ्यावर कुणाचेच उत्पन्न बारमाही नाही. आंबा मार्च ते मे. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. पर्यटन सुट्टीपुरते. आणि खर्च? जूनमध्ये शाळा, मग घराची शाकारणी, मग गणपती. कमाई उन्हाळ्यात आणि खर्च पावसात, ही कोकणची जुनीच रड आहे.

पण याच रडीवर आपल्या आज्यांनी उपाय काढलेला आहे. त्याला आगोट म्हणतात. मे महिना संपायच्या आत तांदूळ, सुकी मासळी, कोकम, मीठ, पापड, लाकूडफाटा भरून ठेवायचा, मग पावसाने चार महिने कोंडून घातले तरी चूल बंद पडत नाही. मालकाच्या घरची आगोट आजही होते. कामगाराच्या पगाराची का होऊ नये? मे महिन्यातल्या रोजच्या गल्ल्यातून ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि जून ते ऑगस्ट त्यातून पगार काढायचा. त्या खात्याला हात लावायचा नाही, बियाण्याच्या भाताला लावत नाहीत तसा. मी हे सुचवले तेव्हा त्याने हिशेब मांडला आणि म्हणाला, सगळा पगार नाही जमणार, निम्मा जमेल. निम्मा तर निम्मा. पावसात निम्मा पगार सात तारखेला नक्की मिळणार आहे, हे ज्याला मार्चमध्येच माहीत आहे तो वाण्याकडे मान वर करून उधारी करू शकतो. पूर्ण पगार "बघू" म्हणून टांगून ठेवण्यापेक्षा ते बरे. पगारच जिथे किमान वेतनाच्या खाली आहे तिथे मात्र तारखेने पोट भरत नाही, तो वेगळा आणि आधीचा प्रश्न आहे.

उचलीबद्दल बोलायलाच हवे. अडीनडीला उचल देणारा मालक कामगाराला सावकारापासून वाचवतो. दरमहा शेकडा दहा म्हणजे वर्षाला शेकडा एकशेवीस, हा हिशेब गरजेच्या वेळी कुणी करत नाही. पण उचल मालकाच्या वहीत असते आणि खलाशी किंवा गडी ती वही कधी बघत नाही. "किती राहिले?" या प्रश्नाला "अजून आहेत" हे उत्तर पुरत नाही. उचल फिटल्याशिवाय सोडून जाता येत नाही, अशी स्थिती आली की तिला वेठबिगारी म्हणतात, आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद केलेली आहे. तेव्हा दोन वह्या हव्यात, एक त्याच्याकडे, दोन्हीत एकच आकडा, आणि दरमहा कापायचे ते इतके थोडे की घरी तांदूळ जाईल.

आणि आजारपणाचा दिवस. हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. पावसात ताप आलेला मजूर पहिल्या दिवशी माझ्याकडे आला तर लेप्टोची शंका घेऊन मी साध्या गोळ्यांनी काम भागवू शकतो. तो येतो पाचव्या दिवशी, डोळे पिवळे, लघवी कमी, आणि मग त्याला रत्नागिरीला पाठवण्यावाचून माझ्या हातात काही उरत नाही. उशीर का केलास विचारले तर उत्तर ठरलेले : "खाडा पडला असता." एका दिवसाची मजुरी वाचवायला माणूस मूत्रपिंड पणाला लावतो. खाणावळीत तर हा धोका एकट्याचा राहत नाही. कावीळ झालेला आचारी पगार कापला जाईल म्हणून गप्प बसून भाजी चिरत राहिला, तर ती कावीळ पाहुण्यांबरोबर कोल्हापूर-पुण्यापर्यंत जाते. मालकाने महिन्यातला एक आजारपणाचा दिवस भरपगारी दिला तर तो त्याच्याच खाणावळीचा विमा आहे.

विम्यावरून आठवले. वीस माणसे असली की भविष्य निर्वाह निधी, साधारण दहा असली की राज्य विमा, हे कायदे मोठ्या आस्थापनांना आहेत. आमच्या किनाऱ्यावरच्या खाणावळीत पाच-सहा माणसे. ती कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत. पण बँकेच्या बचत खात्यावरून पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनज्योती विमा ४३६ रुपयांत मिळतो, प्रत्येकी दोन लाखांचा. पहिला अपघाताचा, सत्तर वर्षांपर्यंत. दुसरा कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास, वयाच्या पन्नाशीपर्यंत घेता येतो. दोन्ही मिळून ४५६ रुपये. गणपतीपुळ्यात एक सुरमई थाळी जवळजवळ तेवढ्याला पडते. सहा माणसांचे वर्षाचे पैसे मालकाने भरले तर त्याचा एका दिवसाचा गल्लाही हलणार नाही. एक मात्र ध्यानात ठेवावे. हे पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात आणि तेव्हा खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. मे महिन्यात पगार "जमा" ठेवणाऱ्या मालकाच्या माणसांचे नेमके तेच होते. तीच गोष्ट महात्मा फुले जन आरोग्य योजनेची. कार्ड काढायला एक दिवस खर्ची पडतो, तो दिवस पगारी द्यावा. वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले तेव्हा त्या मुलाच्या घरी कार्ड असते, तर आठ हजारांच्या फंदात पडण्याआधी चौकशीला एक दार तरी असते.

थोडा दोष आम्हा डॉक्टरांकडेही येतो. तेच औषध स्वस्तात मिळत असताना महागाचे नाव लिहिण्याची सवय आम्हाला आहे. काकींच्या गोळ्या मी आता बदलून दिल्या आहेत. औषध तेच आहे, महिन्याचा खर्च निम्म्याहून कमी झाला. हे मला सहा वर्षांपूर्वीही करता आले असते.

आरे-वारेकडच्या मुलाचे तीन महिन्यांचे पैसे मालकाने दोन टप्प्यांत दिले. ॲपचे कर्ज फिटले, फोन थांबले. होणाऱ्या सासऱ्याची समजूत घालायला मालक स्वतः गेला होता, हे मला नंतर कळले. धडधड पूर्ण गेली नाही, पण रात्रीचा माझा दरवाजा वाजायचा थांबला आहे. कंपाउंडरांचे मंगळसूत्र सुटून आले.

काकींच्या लॉजवाल्याशी मी काकींना विचारूनच बोललो. तो आधी रागावला, "तुम्ही औषधाचे बघा" म्हणाला. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला की पगार एकदम देणे अवघड जाते, एक तारखेला निम्मा आणि सोळाला निम्मा दिला तर चालेल का? मी म्हटले, मला काय विचारता, त्यांना विचारा. काकींना ते जास्तच सोयीचे पडले.

गेल्या महिन्याच्या चोवीस तारखेला मी काकींना मुद्दाम बोलावले. पिशवीतले पाकीट बाहेर काढायला लावले. अर्धी केलेली गोळी एकही नव्हती. उपाशीपोटीची साखर एकशे अडतीस. जखम भरत आली आहे, अंगठ्याच्या कडेला थोडी ओल आहे, ती पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायची आहे.